शून्य नंबरच्या खोक्याची साक्ष

१ जानेवारी १९७०. लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारे यंत्र वेळ मोजते ती या दिवशी, जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून सुरू झालेल्या सेकंदांत. ज्या संगणकाच्या घड्याळाचा सेल मेलेला असतो आणि ज्याला खरी वेळ सांगणारे अजून कोणी भेटलेले नसते, तो पुष्कळदा याच दिवशी जागा होतो, आणि त्या अवस्थेत त्याच्याकडून कोणी फाइल जतन करून घेतली तर तिच्यावर हीच तारीख टाकून मोकळा होतो.

या हकिकतीच्या मुळाशी जी फाइल आहे, तिच्यावर हीच तारीख आहे. ती खरी असणे शक्य नाही. ती फाइल ज्यांनी लिहिली असेल अशा माणसांपैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता.

काच कापण्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, एक लांबट खोली होती. तिथे हाताच्या पंज्याएवढी काळी खोकी तयार होत. सार्वजनिक जागी भिंतीवरच्या पडद्यामागे बसून 'आता अमुक नंबर, अमुक खोली' असे दाखवत राहणे हे त्या खोक्यांचे आयुष्यभराचे काम. खाली काच घासण्याचे यंत्र सुरू झाले की वर टेबलावरचे स्क्रू थरथरत, आणि महिन्यातून दोनतीनदा मुख्य खटकाच पडून सगळे अंधारे होई. त्याची सर्वांना इतकी सवय झाली होती की खटका वर करायला जाणारा माणूस हातातला कप खाली ठेवत नसे.

त्या खोलीत वहीवाली बसे. पन्नाशीला टेकलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याआधी बावीस वर्षे तिने एका खिडकीमागे बसून पार्सले तोलली होती. आलेली प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवायची, वजन लिहायचे, मग शिक्का मारायचा. ती खिडकी बंद झाली, पण हाताची सवय गेली नाही. इथे ती बूट इमेज बांधायला शिकली. बूट इमेज म्हणजे यंत्राला वीज मिळाल्यावर पहिली जाग आणणारी शिदोरी. त्या क्षणी यंत्राला काहीच ठाऊक नसते. आपल्याला पडदा आहे हेदेखील त्याला या शिदोरीतला ड्रायव्हर नावाचा छोटा कार्यक्रम सांगतो. शिदोरीत तो नसेल, तर यंत्र तक्रार करत नाही. तक्रार दाखवायला पडदा लागतो, आणि पडद्याची ओळखच झालेली नसते.

ही शिदोरी बांधण्यासाठी एक स्क्रिप्ट होती, म्हणजे एकामागून एक पाळायच्या हुकमांची यादी. वहीवाली ती चालवी, शेवटी पडद्यावर हिरवी ओळ उमटे, 'इमेज तयार', आणि ती आपल्या रुळाच्या वहीत तारीख, क्रमांक, इमेजचा मेगाबाइटमधला आकार आणि 'हि. ओ. आली' असे लिहून सही करी. आकार लिहायला तिला कोणी सांगितले नव्हते. वस्तू हातातून पुढे जाते तर तिचे वजन लिहायला नको का, एवढाच तिचा हिशेब.

इमेज नखाएवढ्या मेमरी कार्डांवर उतरवून ती कार्डे खोक्यांत बसवण्याचे काम तिच्या भावजयीकडे होते. भाऊ वर्षभर पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. घरात दुसरा हात नव्हता. वहीवालीनेच शब्द टाकून तिला इथे आणली होती. 'माझ्या जबाबदारीवर' असे ती तेव्हा ही खोली चालवणाऱ्या साहेबांना म्हणाली होती, आणि साहेबांनी ते लक्षात ठेवले होते.

मंगळवारी सकाळी, चाळीस खोक्यांची ताजी खेप जिथे गेली होती त्या रुग्णालयातून फोन आला. तिथल्या मुख्य परिचारिकेने नमस्कारही केला नाही.

"बाई, पाट्या पाठवल्यात की आरसे? चाळीसच्या चाळीस काळ्याठिक्कर. समोर दीडशे माणसं उभी आहेत आणि मी घसा फोडून नंबर ओरडतेय. एका आजोबांनी तर पडद्यात बघून भांग पाडला!"

बुधवारी साहेबांनी जावयाला फोन लावला. हा कोणाचाही जावई नव्हता. स्क्रिप्ट ज्याच्या देखरेखीखाली होती असा तो बाहेरचा सल्लागार इंजिनिअर. पण तो येई त्या दिवशी एकुलता पंखा त्याच्याकडे वळे, बरी खुर्ची त्याला मिळे, आणि तो चुकला तरी कोणी शब्द काढत नसे. म्हणून खोलीने त्याला हे नाव ठेवले होते. फोनच्या पडद्यावर तो गाडीत बसलेला दिसत होता. खोकी पाहायला तो आला नाही. उंटावरून शेळ्या हाकायला उंटही घरचाच लागतो असे थोडेच आहे.

"हिरवी ओळ आली होती?" त्याने विचारले.

"आली होती. वहीत आहे," वहीवाली म्हणाली.

"शून्य नंबरवर तपासलं होतंत?"

शून्य नंबर म्हणजे टेबलाच्या कोपऱ्यातले जुने, कोपरे झिजलेले खोके. नवी इमेज आधी त्याच्यात घालून पाहायची, ते चालले की माल बाहेर, असा त्या खोलीचा शिरस्ता होता.

"तपासलं होतं. लागलं लगेच."

"मग विषय संपला. सॉफ्टवेअर ठीक आहे. कार्ड बसवताना स्थिर वीज लागली असणार. त्या ताई स्वेटर घालतात ना, करडा? अंगातून ठिणगी जाते, दिसत नाही, चिप मरते."

"चाळीसही?"

"दिवसभर स्वेटर तोच होता ना?" जावई म्हणाला, आणि त्याची गाडी बोगद्यात शिरली.

भावजय दाराशी उभी होती. तिने स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या, जणू त्यांच्यावर रक्त होते.

दुपारी साहेबांनी एक टाइप केलेला कागद तिच्यापुढे ठेवला. 'माझ्या निष्काळजी हाताळणीमुळे चाळीस खोकी निकामी झाली.' खाली सहीची जागा. साहेब दुष्ट नव्हते; ते घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस हाताला लागेल ती काठी उचलतो.

"शनिवारी पाचपर्यंत सही द्या. प्रकरण मोठं होणार नाही. सोमवारपासून येऊ नका, बस. मी बाहेर कुठे वाईट बोलणार नाही."

"साहेब," वहीवाली म्हणाली, "किडक्या शेंगदाण्याच्या पोत्यातसुद्धा चाळीसपैकी दोन तरी चांगले निघतात. हात इतका नासका असता तर एखादं खोकं चुकून तरी वाचलं असतं की नाही?"

"मला तांत्रिक सांगू नका. रुग्णालयाला नाव हवंय."

"नाव हवंय की कारण हवंय?"

साहेबांनी कागदावरच्या सहीच्या जागेवर बोट ठेवले. चोर सोडून संन्याशाला सुळी देणाऱ्या राजालाही कोणीतरी दरबारात हा प्रश्न विचारलाच असेल. त्याचेही उत्तर कुठे नोंदलेले नाही.

जिन्यावर भावजय हळूच म्हणाली, "वन्सं, हा स्वेटर लोकरीचा नाहीच आहे. सुती आहे. दोन धुण्यांत रंगसुद्धा गेला. पण विचारलं का कुणी?"

वहीवालीच्या अंगाचा असा तिळपापड झाला की ती दोन पायऱ्या परत वर चढली, मग थांबली. सुताची आणि लोकरीची गोष्ट त्यांच्यापुढे मांडणे म्हणजे आरोप निम्मा मान्य करणे होते.

"सही करायची नाही," ती म्हणाली. "शनिवार लांब आहे."

"लांब कसला, तेरवा तर आहे. आणि तुमचं काय? तुम्ही शब्द दिला होतात माझ्यासाठी."

"म्हणूनच म्हणतेय. शब्द माझा आहे, तो मोडायचा अधिकार तुला नाही."

गुरुवारी तिने रुग्णालयातून एक खोके परत मागवले. वीज दिली. पडदा काळा. तिने ते शेजारच्या पडद्याला जोडले, वायर बदलली, पुन्हा दिली. काळा. एक अक्षर नाही, एक टिंब नाही. चुकलेला माणूस निदान खाली बघतो. हे खोके सरळ तिच्याकडे बघत होते. मग तिने त्यातले कार्ड काढून शून्य नंबरमध्ये घातले. वीस सेकंदांत पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'स्वागत' उमटले.

साहेब मागे येऊन उभे होते. "बघा. तेच कार्ड, इथे चालतंय. म्हणजे कार्ड चांगलं, इमेज चांगली. मग बिघडलं काय? खोकी. खोक्यांना हात कुणाचा लागला?"

वहीवालीने वही मिटली. पुरावा तिने स्वतः, स्वतःच्या हाताने, आपल्या माणसाविरुद्ध उभा केला होता. घरी जाताना ती भावजयीशी बोलली नाही, आणि न बोलण्याचा अर्थ काय घेतला जाईल हे कळत असूनही बोलली नाही.

शुक्रवारी अकराच्या सुमारास ती पुन्हा शून्य नंबरसमोर बसली. आदल्या दिवशीचे कार्ड त्यात तसेच होते. कार्डावर बारीक अक्षरांत छापलेला क्रमांक वहीत उतरवून घ्यावा म्हणून तिने ते काढून चष्म्याजवळ धरले. तेवढ्यात खाली काच घासण्याचे यंत्र कर्कशले, खटका पडला, अंधार झाला. कोणीतरी, कप हातात घेऊन, खटका वर केला.

पडद्यावर 'स्वागत' उमटले.

वहीवालीने पडद्याकडे पाहिले. मग चिमटीतल्या कार्डाकडे पाहिले. मग खोक्याच्या रिकाम्या खाचेत नखाचे टोक घालून पाहिले.

"अगं, इकडे ये," तिने हाक मारली. भावजय आली. "हे काय आहे माझ्या हातात?"

"कार्ड."

"आणि हे कशावर चाललंय?"

भावजयीने खाच पाहिली, पडदा पाहिला. "वन्सं, हे तर रिकाम्या पोटी गातंय!"

शून्य नंबरच्या पोटात कधीकाळी कोणीतरी एक पूर्ण यंत्रणा आधीच भरून ठेवली होती. कार्डावरची इमेज चालली तर ठीक. नाही चालली, तर ते खोके मुकाट्याने आतल्या जुन्या यंत्रणेवर जाई आणि सगळे आलबेल असल्याचे दाखवी. नव्या चाळीस खोक्यांच्या पोटात असे काही नव्हते. त्यांच्याकडे फक्त कार्ड होते. ज्या खोक्याच्या साक्षीवर माल बाहेर जात होता आणि ज्याच्या साक्षीवर एका बाईची भाकरी जाणार होती, त्या खोक्याने तपासायचे म्हणून दिलेले कार्ड कदाचित कधी तपासलेच नव्हते.

संताप येऊन चालणार नव्हते.  तिने वही उघडली. आकारांचा रकाना तिने कधी परत वाचलेला नव्हता. आता ती बोट ठेवून खाली येऊ लागली. एकतीस. एकतीस. एकतीस. बत्तीस. एकतीस. आणि रुग्णालयाच्या खेपेपुढे, तिच्याच वळणदार अक्षरात, निळ्या शाईत: एकोणीस. पुढे 'हि. ओ. आली'. पुढे तिची सही.

 पार्सलाच्या खिडकीवर एकतीस किलोचे पार्सल एकोणीस भरले असते तर तिने ते फोडून पाहिले असते, मालकाला बोलावले असते, गावभर बोभाटा केला असता. इथे तिने लिहिले आणि पान उलटले. कारण हिरवी ओळ आली होती.

"काय झालं?" भावजयीने विचारले.

"माझी सही," वहीवाली म्हणाली. "तुझी मागतायत, पण माझी आधीच आहे इथे."

मग तिने स्क्रिप्ट उघडली. एवढ्या वर्षांत तिने ती चालवली होती, वाचली नव्हती. स्वयंपाक रोज करावा आणि चुलीत डोकावू नये तसे. ती ओळ ओळ बोटाने वाचत गेली आणि दुपारी दोनच्या सुमारास ड्रायव्हर गोळा करण्याच्या हुकमापाशी थांबली. हुकूम सरळ होता. त्याच्या शेपटीला दोन गोष्टी जोडलेल्या होत्या. पहिलीचा अर्थ: काही तक्रार निघाली तर ती कोणाला दाखवू नकोस, तळ नसलेल्या विहिरीत टाक. दुसरीचा अर्थ: काम फसले तरी जमले असे सांग.

तिने दोन्ही शेपट्या कापलेली एक वेगळी प्रत केली आणि ती चालवली.

पडदा तक्रारींनी भरून वाहू लागला. एकामागून एक, इतक्या वेगाने की वाचता येईनात, आणि वाचायची गरजही नव्हती, कारण सगळ्या एकच सांगत होत्या: जागा शिल्लक नाही. जागा शिल्लक नाही. संगणकाच्या साठवणीतला सामान गोळा करण्याचा कप्पा काठोकाठ भरला होता, म्हणून ड्रायव्हर अर्ध्यावरच थांबत होते, आणि स्क्रिप्ट होते तेवढे सामान गुंडाळून दुसऱ्या कप्प्यात ठेवून हिरवी ओळ ओढत होती.

कप्पा कशाने भरला होता, हेही तिने पाहिले. मागच्या प्रत्येक खेपेच्या सामानाची एकेक प्रत तिथे होती. काहीही पुसायचे नाही, उद्या लागेल, हा नियम तिचाच होता.

"म्हणजे तुमच्यामुळेच भरलं?" भावजय हळूच म्हणाली.

"माझ्यामुळेच. पण भरलं म्हणून हे यंत्र ओरडत होतं, बाई. त्याच्या तोंडात बोळा कोंबणारा दुसराच आहे. बोळा नसता तर मी त्याच दिवशी कप्पा रिकामा केला असता आणि तुला हा कागद दिसलाही नसता."

शनिवारी तिने साहेबांना आणि फोनवरच्या जावयाला समोर बसवले. आधी तिने शून्य नंबरची रिकामी खाच साहेबांना बोटाने चाचपायला लावली, मग वीज दिली. 'स्वागत' उमटले. साहेबांनी बोट असे मागे घेतले, जणू खाच चावली. मग तिने शेपट्या कापलेली प्रत चालवली. मग कप्पा रिकामा केला, पुन्हा चालवली. आकार एकतीस भरला. तीच इमेज कार्डावर उतरवून भावजयीने परत आलेल्या 'मेलेल्या' खोक्यात बसवली, करड्या स्वेटरच्या बाह्या मुद्दाम मनगटापर्यंत ओढून. पडदा उजळला.



"ती ओळ माझी नाही," फोनमधून जावई म्हणाला. त्याला अजून कोणी काही विचारलेच नव्हते.

"मग कुणाची?" साहेबांनी विचारले.

"सगळे एकाच नावाने लॉगिन करतात. कुणीही टाकली असेल. फाइलची तारीख बघा ना."

वहीवालीने तारीख पाहिली. १ जानेवारी १९७०. स्क्रिप्ट ज्या संगणकावर होती त्याच्या घड्याळाचा सेल दीड वर्षापूर्वी मेला होता. नवा मागवल्याची नोंद वहीत दोनदा होती, आल्याची एकदाही नव्हती. खटका पडून वर आल्यानंतर, यंत्राला खरी वेळ कळण्याआधीच्या काही मिनिटांत कोणीतरी ती फाइल जतन केली होती. घाईत, की बेत करून, ते तारीख सांगत नव्हती.

"बुधवारी तुम्ही बोगद्यात शिरण्याआधी दहा मिनिटांत स्वेटर ओळखलात," वहीवाली फोनकडे पाहत म्हणाली. "आज ओळ ओळखता येईना? तिच्या अंगातली न दिसणारी ठिणगी तुम्हाला गाडीतून दिसली. तुमच्या स्क्रिप्टमधला बोळा डोळ्यांपुढे असून दिसला नाही. तिची सही तयार ठेवली होतीत. तिच्या जागी आता कुणाची घेणार?"

"आवाज चढवायचं काम नाही," साहेब म्हणाले.

"चढवला नाही तर ऐकतं कोण? चाळीस खोकी गप्प राहिली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं, ही गप्प राहील असं वाटलं, म्हणून तिच्यापुढे कागद आला. मी आवाज चढवणार."

साहेबांनी तो टाइप केलेला कागद उचलून खणात ठेवायला घेतला.

"फाडा," भावजय म्हणाली. त्या आठवड्यात साहेबांशी ती बोललेला हा पहिलाच शब्द.

"राहू दे, फाइलला लागतो."

"मग हाही लावा," वहीवाली म्हणाली, आणि आदल्या दिवशी हाताने लिहिलेला कागद तिने पुढे सरकवला. त्यावर होते: 'इमेजचा आकार एकोणीस असल्याचे मी स्वतः लिहिले आणि वाचले नाही. कप्पा माझ्या जुन्या प्रतींनी भरला होता. तक्रारी दाबणारी ओळ मी लिहिलेली नाही. कोणी लिहिली ते मला माहीत नाही.' खाली सही. "दोन्ही एकत्र राहिले तर पुढच्याला नीट वाचता तरी येईल. नाहीतर तिचा फाडा."

साहेबांनी दोन्ही कागदांकडे पाहिले. वहीवालीचा कागद फाइलला लावायचा म्हणजे फाइल कोणीतरी वाचण्याची भीती होती. त्यांनी भावजयीचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. वहीवालीचा तिला परत दिला. तो तिने वहीत, एकोणीसच्या पानाला डकवला. अजून तिथेच आहे.

सोमवारी भावजय कामावर आली. अंगात तोच करडा सुती स्वेटर. मंगळवारी चाळीस पाट्या लागल्या, आणि परिचारिकेने फोन करून सांगितले की घसा बसला असला तरी जीव थंडावला. रुग्णालयाला जे पत्र गेले त्यात 'किरकोळ तांत्रिक कारण' असे तीन शब्द आहेत. एका बाईवर तीन दिवस ठेवलेल्या आरोपाचा त्यात उल्लेख नाही, क्षमेचा नाही, स्वेटरचाही नाही. जावई पुढच्या महिन्यात आला तेव्हा पंखा त्याच्याकडे वळवायला कोणी उठले नाही. शिक्षा म्हणायची तर एवढीच.

शून्य नंबरचे पोट पुसून टाकण्यात आले. स्क्रिप्ट आता पहिल्या तक्रारीलाच थांबते आणि लाल ओळ दाखवते. इमेज तिसापेक्षा कमी भरली तर हिरवी ओळ येतच नाही. वहीत आकाराच्या रकान्याशेजारी नवा रकाना आहे, 'वाचले', आणि त्यात दुसऱ्याच्या हाताची सही लागते. ती बहुधा भावजयीची असते.

जे कळलेले नाही ते असे. तक्रारी दाबणारी ओळ कोणी लिहिली, हे माहीत नाही. केव्हा लिहिली, हेही माहीत नाही. फाइलवरची तारीख निरुपयोगी आहे, आणि त्या फाइलची जुनी प्रत कोणी ठेवलेली नव्हती. काहीच न पुसणाऱ्या वहीवालीनेही नव्हती, कारण स्क्रिप्ट जतन करण्याची वस्तू आहे असे तिला कधी वाटले नव्हते. शून्य नंबरच्या पोटात जुनी यंत्रणा कोणी भरली आणि त्याने त्याआधी किती कार्डांच्या खोट्या साक्षी दिल्या, याची नोंद नाही. त्या खोक्याच्या भरवशावर आणखी कोणाला, कोणत्या कागदावर सही करून ही खोली सोडावी लागली होती का, हेही माहीत नाही. साहेबांच्या खणातली फाइल पाहायला मिळालेली नाही.